शेततळ्याचं कुंपण: जाळी, गेट आणि तळातली फट

लहान पोर सोडा, चांगला पोहणारा गडीही प्लॅस्टिकच्या शेततळ्यातून सहजी वर येत नाही. विहिरीत निदान दगडाच्या कपारी असतात, पायऱ्या असतात. शेततळ्यात ५०० मायक्रॉनचा गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद १:१ किंवा १.५:१ उतारावर अंथरलेला असतो आणि पाण्याच्या रेषेखाली थोड्याच दिवसांत त्यावर शेवाळ धरतं. हात टेकला की हात सरकतो, पाय रोवला की पाय. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. त्यामुळे या तळ्याला कुंपण करताना दोन कामं एकाच वेळी करायची असतात: पोर आत जाणार नाही अशी जाळी, आणि कुणी गेलंच तर धरून वर येता येईल अशी सोय. दुसरं काम बहुतेक जण राहू देतात.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे किंवा माण-खटावात बघा. बऱ्याच तळ्यांना सिमेंटचे खांब आणि फूट-फूट अंतरावर ओढलेल्या पाच काटेरी तारा एवढंच कुंपण असतं. जनावराला ते पुरतं. चार वर्षांचं मूल मात्र दोन तारांमधून वाकून आरामात आत जातं. फार तर सदरा अडकतो. वर, धावत मदतीला आलेल्या मोठ्या माणसाला तेच काटे अडवतात. काटेरी तार लावायचीच असेल तर जाळीच्या वर एक पदर लावा, जाळीच्या जागी नको. झटका मशीनची, म्हणजे जनावरांना विजेचा झटका देणारी, तार तळ्याच्या कुंपणाला जोडू नका. लाइनचा करंट तर कुठल्याच कुंपणात सोडायचा नसतो.

माप कुठून घ्यायचं? घरगुती स्विमिंग पूलच्या कुंपणाचे नियम अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बारकाईने लिहिलेले आहेत, आणि ते लहान मुलाच्या अंगावरून बेतलेले आहेत, त्यामुळे ते शेततळ्यालाही लागू पडतात. उंची किमान १.२ मीटर, म्हणजे चार फूट, आणि ती बाहेरच्या बाजूने, मूल जिथे उभं राहील तिथल्या जमिनीपासून मोजायची. कुठल्याही फटीतून १०० मिमीचा गोळा जाता कामा नये. जाळीखालची मोकळी जागा कच्च्या जमिनीवर ५० मिमीपर्यंत. गेट पाण्यापासून दूर म्हणजे बाहेरच्या बाजूला उघडणारं, हात सोडला की आपोआप बंद होणारं आणि कडीही आपोआप बसणारं. ऑस्ट्रेलियात कुंपणाच्या बाहेर ९०० मिमीच्या आत पाय ठेवून चढता येईल अशी एकही वस्तू चालत नाही. किती खोल पाण्याला कुंपण लागतं याचं ऑस्ट्रेलियातलं उत्तरही ध्यानात ठेवण्यासारखं आहे: ३०० मिमी. एक फुटाचा हौद त्यात बसतो, तीन मीटरच्या तळ्याचं तर विचारूच नका.

आता आखणी. तळ्याचं तोंड ३० बाय ३० मीटर धरू. कागदाची कड काठापासून साधारण अर्धा मीटर सोडून ५० बाय ५० सेंटिमीटरच्या चरीत दाबलेली असते. खांबाचा खड्डा या चरीच्या बाहेरच हवा. घाईत पहार मारली आणि कागद फाटला तर भोक मातीखाली राहतं. पाणी भराव आतून पोखरायला लागतं आणि ते कळतं तेव्हा बांध बसलेला असतो. चर कुठून गेली हे आठवत नसेल तर प्रत्येक बाजूला एका जागी खुरप्याने उकरून कागदाची कड बघून घ्या, मगच दोरी लावा. काठापासून दीड मीटरवर खांबांची ओळ धरली तर चर आणि खड्डा यांच्यात वीतभर जागा राहते. बांधाचा माथा दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर ओळ माथ्यावर बसवायच्या नादाला लागू नका. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी मूळ जमिनीवर कुंपण घ्या. जाळी थोडी जास्त लागते, पण खांब भरावात डुलत नाहीत. नव्या तळ्याचा भराव एक पावसाळा खाऊन बसतो, हेही पायथ्याच्याच बाजूने बोलतं.

काठापासून दीड मीटर म्हणजे प्रत्येक बाजू ३३ मीटर, एकूण फेरा १३२ मीटर. दर तीन मीटरला खांब धरला तर एका बाजूला बरोबर ११ गाळे पडतात आणि चारी बाजू मिळून ४४ खांब. गेटसाठी एक जास्तीचा, म्हणजे ४५. कोपऱ्याचे चार आणि गेटचे दोन खांब ५० बाय ५० बाय ६ मिमी अँगलचे, बाकीचे ४० बाय ४० बाय ५ चे. त्याखेरीज टेकू १८: प्रत्येक कोपऱ्याला दोन, प्रत्येक बाजूच्या मधल्या एका खांबाला दोन, गेटच्या खांबांना एकेक. सगळे तुकडे दोन मीटरचे सांगा. अँगल सहा मीटरचा येतो, त्यातून दोन मीटरचे तीन तुकडे निघतात आणि भंगार शून्य. दोन मीटर दहा सेंटिमीटर सांगितलंत की दोनच निघतात आणि एक १.८ मीटरचा तुकडा गोठ्यात पडून राहतो. या हिशेबाने जाड अँगलच्या २ आणि बारीक अँगलच्या १९ लांबी लागतात; वजन ४०० किलोच्या आसपास. गेटच्या चौकटीचा अँगल वेगळा.

जाळी चेनलिंकची, पाच फुटी, १० गेज. भोक दोन इंचापेक्षा मोठं नको. दुकानात तीन इंची आणि चार इंची जाळी स्वस्त पडते म्हणून पुढे केली जाते. तीन इंचाच्या भोकात मुलाचं पाऊल छान बसतं. ती जाळी नव्हे, शिडी झाली. अमेरिकेतल्या नियमात चेनलिंकचं भोक पावणेदोन इंचापर्यंतच आहे. आपल्याकडे दीड इंची मिळाली तर ती घ्या. नाहीतर दोन इंची घेऊन उंची चार फुटांवर न थांबवता पाच फुटी जाळीच लावा. ५० फुटांचा एक बंडल धरला तर नऊ बंडल लागतात. दोन बंडल जोडताना एक सुटी तार पीळ देत गुंफायची असते; बाइंडिंग वायरने जागोजागी बांधलेला जोड वर्षभरात उसवतो आणि पोरांना तो तुमच्या आधी सापडतो. वरून हिरवं शेडनेट बांधू नका. वाऱ्यात त्याचं शीड होऊन खांब वाकतात आणि आत काय चाललंय ते लांबून दिसत नाही. बागेत काम करणाऱ्याला मान वर केली की तळ्याचा काठ दिसला पाहिजे.

खड्डे ३० बाय ३० आणि ६० सेंटिमीटर खोल, टेकूचे ४५ खोल. मुरमाड रानात एवढं पुरतं. काळ्या जमिनीत, म्हणजे वाळवा-पलूसच्या पट्ट्यात, माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिथे खड्डा ९० सेंटिमीटर घ्या आणि अँगल त्या मानाने लांब कापा. काँक्रीट १:२:४. सगळे खड्डे मिळून सव्वातीन घनमीटरच्या आत बसतात: सिमेंट २० पोती, क्रश सँड अर्धा ब्रास, खडी एक ब्रास. प्रत्येक खांब ओळंब्यात धरून काँक्रीट ओता आणि वरचं तोंड खांबाकडून बाहेर उतरतं करा. तिथे पाणी साचलं की अँगल जमिनीलगतच कुजतो. वरून रंग चकचकीत असतो आणि खाली बोटभर लोखंड शिल्लक असतं. जमिनीच्या वर-खाली वीतभर भागाला रेड ऑक्साइडचे दोन हात खांब उभा करण्याआधीच द्या. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा. तिसऱ्याच दिवशी जाळी ताणायला घेतली तर कोपऱ्याचे खांब आत झुकतात, आणि मग टेकूही काही करू शकत नाहीत.

टेकूंची जागा हा मिस्त्रीशी वाद होण्याचा विषय. सवयीने टेकू बाहेरून तिरका लावला जातो. बाहेरचा तिरका अँगल म्हणजे पोरांसाठी घसरगुंडीची उलटी बाजू, दोन पावलांत माथा. आतून आडवा लावला तर त्याचा पाय कागदाच्या चरीत जातो. म्हणून टेकू कुंपणाच्या ओळीतच, एका खांबाकडून दुसऱ्याच्या दिशेने तिरका बसवायचा. जाळीचा ताणही त्याच दिशेने असतो, त्यामुळे तिथेच त्याचा खरा उपयोग. जाळी मात्र खांबांच्या बाहेरच्या अंगाने बांधायची, म्हणजे खांब, टेकू, आडव्या पट्ट्या सगळं आत राहतं आणि बाहेरून पाय ठेवायला फक्त सपाट जाळी उरते. ८ गेजच्या तीन तारा ओढा: वर, मध्ये, खाली. सगळ्यात जास्त ताण खालच्या तारेला द्या. वरची ढिली असली तर वाईट दिसतं; खालची ढिली असली तर पोर आत जातं.

जमिनीलगत जाळी दहा सेंटिमीटर मातीत गाडायची. पाच फुटी जाळीपैकी वर १.४ मीटर राहते, ती पुरेशी आहे. खरी कसोटी पहिल्या वळवाला लागते. बांधाच्या बाजूने पाणी वाहतं, मुरूम धुपतो आणि सकाळी जाळीखाली टोपलीएवढी घळ पडलेली असते. पाणी कुठून पळतं ते पहिल्या पावसात बघून ठेवा आणि तेवढ्याच जागी जाळीखाली १५ सेंटिमीटर खोल, १० रुंद काँक्रीटची पट्टी घाला. पट्टी जमिनीच्या लेव्हलला ठेवा. वर काढली तर ती पायरी होते. सांडव्याचं तोंड आणि पाणी आत येण्याची नळी या दोन जागा कुंपण करणाऱ्याच्या हिशेबातच नसतात. तिथे १० मिमीच्या सळ्या उभ्या, मध्ये आठ सेंटिमीटर जागा ठेवून, चौकटीत वेल्ड करून बसवा. आडव्या सळ्या नकोत. त्यात कचरा जास्त अडकतो आणि त्या चढायलाही सोप्या.

फटी तपासायला साधं माप: ठिबकच्या कामातून उरलेला ९० मिमीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. तो घेऊन पूर्ण फेरा मारायचा, जोडावर, गेटच्या बिजागरीच्या फटीत घालून बघायचा; जाळीखालची हद्द मात्र ५० मिमीचीच. कुठेही शिरला तर ती जागा बुजवायची. १०० च्या नियमापेक्षा हे माप थोडं कडक आहे, पण जाळी पुढे ढिली पडतेच.

सगळं नीट केलं तरी कुंपण फसतं ते गेटपाशी. रोज चार वेळा आत जावं लागलं तर कुठलंही गेट उघडंच राहणार; माणसाच्या हातात फवारणीच्या ब्लोअरची नळी असते, तो काय कडी लावणार. त्यामुळे गेटच्या कामाची सुरुवात गेटपासून लांब होते. फिल्टर, व्हॉल्व्ह, स्टार्टरची पेटी कुंपणाच्या बाहेर काढा. फवारणीचं पाणी तळ्यातून बादलीने किंवा ड्रमने उचलण्याऐवजी बाहेर एक टाकी ठेवून तिथे नळ द्या. फूटव्हॉल्व्ह (मोटारीच्या नळीच्या पाण्यातल्या टोकाची झडप) तुंबला म्हणून गडी कागदावरून खाली उतरतो, आणि मोठी माणसं बुडण्याचं एक कारण हेच. सक्शन, म्हणजे पाणी ओढणाऱ्या नळीचं तोंड, रिकाम्या बंद कॅनवर तरंगतं ठेवलं आणि त्याला काठापर्यंत दोरी बांधली की ते वर ओढून साफ करता येतं, पाण्यात पाय घालावा लागत नाही. एवढं केलं की गेट आठवड्यातून एक-दोनदाच उघडतं.

गेट एक मीटर रुंदीचं, एकाच पाखाचं ठेवा. दोन पाखांच्या गेटमध्ये मधली फट आणि खालचा अडसर असे दोन नवे घोळ. कधी काळी मोठं सामान आत न्यायचं असेल तर एका गाळ्याची जाळी चौकटीत घेऊन नटबोल्टने बसवा, लागेल तेव्हा सोडवता येते. गेट आपोआप बंद व्हायला स्प्रिंगची बिजागरी मिळते. ती धुळीने जाम होते, महिन्यातून एकदा तेल सोडावं लागतं. त्यापेक्षा टिकाऊ जुगाड म्हणजे गेटला बांधलेली तार पुलीवरून नेऊन पलीकडे वाळू भरलेला पाइपचा तुकडा लटकवणं. ते वजन मुलांच्या हाती येईल असं बाहेर लटकवू नका. बसवल्यावर गेट तीन जागांवरून सोडून बघा: पूर्ण उघडं, अर्धं, आणि कडीपासून वीतभर. पहिल्या दोन परीक्षांत बहुतेक गेटं पास होतात. तिसऱ्यात वेग नसतो, पाख कडीला टेकून थांबतं, लांबून बंद दिसतं आणि बोटाने ढकललं की उघडतं. तिथेही कडी खटकन बसली पाहिजे. बसत नसेल तर वजन वाढवा किंवा कडीची जीभ घासून गुळगुळीत करा.

कडी गेटच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेपासून किमान ७५ मिमी खाली घ्या, म्हणजे मोठ्या माणसाला वरून हात घालून उघडावी लागेल. कडीभोवती ४५ सेंटिमीटरपर्यंत जाळीवर पत्रा मारा, गेटवर आणि शेजारच्या जाळीवरही. नाहीतर लहान बोटं भोकातून कडीपर्यंत पोचतात. कुलूप लावायचं असेल तर किल्ली कुठे आहे हे बागेतल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. बुडणाऱ्याला काढायला आलेला माणूस किल्ली शोधत बसला तर ते कुलूप नसलेलंच बरं.

कुंपणाच्या बाहेर मीटरभर जागा मोकळी ठेवायची, आणि हीच गोष्ट पाळणं सगळ्यात अवघड. रिकामी जागा दिसली की द्राक्षाचे क्रेट, औषधाचे ड्रम, छाटणीनंतरच्या काड्या, बांबू सगळं तिथेच येऊन पडतं. जाळी आयती आहे म्हणून घेवड्याचा वेलही सोडला जातो. दोन क्रेट एकावर एक ठेवले की १.४ मीटरचं कुंपण मुलाच्या कमरेएवढं होतं. बांधाजवळचं झाड फांदी आत टाकत असेल तर फांदी उतरवा. ऊसतोड टोळीच्या खोपी हंगामात रानात पडतात तेव्हा त्या तळ्यापासून जेवढ्या लांब घालता येतील तेवढ्या लांब घाला, आणि त्यांच्या प्यायच्या पाण्याची सोय वेगळी करा. त्यांची पोरं दिवसभर एकटी असतात, आणि आसपास पाणी दिसतं ते तळ्यातच.

आता आतली सोय. चारी बाजूंना, दर दहा मीटरला एक दोर तळापर्यंत सोडलेला हवा. तीन मीटर खोल तळ्याच्या १:१ उताराची लांबी सव्वाचार मीटर भरते, १.५:१ ची साडेपाच मीटरच्या आत. त्यात काठापासून खांबापर्यंतचा दीड मीटर आणि बांधायची लांबी मिळवली की दोर किमान साडेसहा ते आठ मीटरचा होतो. जाडी १६ मिमी, म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही, आणि दर ३० सेंटिमीटरला गाठ. दोर पाण्याच्या पातळीपर्यंतच सोडण्याची चूक सर्रास होते. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन येऊन तळं भरलं की तो ठीक दिसतो, आणि एप्रिलमध्ये पाणी दोन मीटर उतरलं की हवेत लोंबकळतो. दोराला दुचाकीचे जुने टायर एकाखाली एक बांधले तर शिडीच तयार होते, आणि रबर असल्याने कागद फाटत नाही. लोखंडी शिडी उतारावर ठेवू नका.

गेटच्या आत, जाळीला अडकवून, २० लिटरचा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन १५ मीटर दोरीसकट ठेवा. त्यात अर्धा-एक लिटर पाणी ठेवलं तर फेकताना तो वाऱ्याने उडत नाही, नेमका जातो, आणि धरून राहिलेल्या माणसाला तरंगवतो. शेजारी पाच मीटरचा एक बांबू. कुणी पडलं तर आधी हे फेकायचं. दोर कमरेला बांधून वर कुणी धरल्याखेरीज उतरायचं नाही. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून पाणी काढत वेळ घालवू नका. श्वास चालत नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा.

वाई-पाचगणीकडच्या फार्महाउसवर किंवा साताऱ्यातल्या बंगल्यात पूल असेल तर वरची मापं तशीच, फक्त दोन गोष्टी वेगळ्या. कंपाउंड वॉल हे पूलचं कुंपण नसतं. ती बाहेरच्याला अडवते, आणि धोका असलेलं मूल तर आत घरातच असतं. पूलभोवती स्वतंत्र, चारी बाजूंनी बंद कुंपण हवं. एका बाजूला घराचीच भिंत असेल आणि हॉलचं सरकतं दार थेट पाण्याकडे उघडत असेल तर ती बाजू उघडीच समजा. दाराला आपोआप बंद होण्याची सोय आणि मुलाच्या हाताला न पोचणारी वरची कडी लागते, शिवाय दार उघडलं की वाजणारा अलार्म. दुसरी गोष्ट रेलिंगची. हल्ली आडव्या पट्ट्यांची स्टीलची रेलिंग फॅशनमध्ये आहे. फॅब्रिकेटरला स्पष्ट सांगा: गज उभे, मध्ये १०० मिमीपेक्षा कमी अंतर, आणि आडव्या पट्ट्या फक्त दोन, वरची आणि खालची, त्यांच्यात किमान ११५ सेंटिमीटर अंतर. काचेचं कुंपण घेत असाल तर टफन्ड काचच, आणि काचांमधल्या फटींनाही तोच ९० मिमीचा पाइप लावून बघा.

फेरी वर्षातून तीनदा: वळवानंतर, पावसाळा उघडल्यावर, आणि टोळ्या येण्याआधी. पाइपचा तुकडा, पक्कड, बाइंडिंग वायर आणि तेलाची बाटली एवढंच सोबत लागतं. खालची तार पायाने दाबून बघा, खांबाच्या मुळाशी माती उकरून गंज बघा, गेट तीन जागांवरून सोडा. दोर उन्हाने कडक होतो, पीळ उघडले की धागे चुरचुरतात. तसा झालेला दोर काढून टाका. तोच दोर पुन्हा क्रेट बांधायला वापरायचा मोह होतो. वापरा, फक्त तळ्यावर नवा लावल्यावरच.